धडा आधीच कळलेल्या पोरांसाठी

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. पुढे गावांबरोबर शाळाही नव्याने उभ्या राहिल्या. पण ज्या पोराला धडा एका वाचनात कळतो त्याला वर्गात काय द्यायचं, याचं उत्तर या भागाने तीस वर्षं बहुतेक गावाबाहेरच शोधलं.

मुख्य वाट लातूरची. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जादा तास आणि सततच्या चाचण्यांची शिस्त बसली, त्यातून ‘लातूर पॅटर्न’ घडला. कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं त्यामुळे डॉक्टर, इंजिनिअर झाली, हे ऋण मोठं आहे. तरीही त्यात हुशार पोराला मिळाली ती तीच गणितं, फक्त जास्त आणि वेगाने. प्रज्ञावंतांच्या शिक्षणासाठी १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात स्थापलेली ज्ञान प्रबोधिनी भूकंपानंतर मदतीला आली आणि याच भागातल्या हराळीत शाळा काढून राहिली. पण सगळ्या गावांना ती एक शाळा कशी पुरणार?

राज्य सरकारच्या २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात मागे राहिलेल्या मुलांवर भर आला. तो हवाच होता. मात्र त्या धांदलीत आधीच प्रगत असलेल्याच्या वाट्याला पुष्कळदा ‘तू बाकीच्यांना सांग’ एवढंच आलं.

खरं तर किल्लारीच्या शिक्षकाला सामग्री दूर शोधावी लागत नाही. भूकंपाचा धडा घ्या. भूपट्टांच्या सीमांवर भूकंप होतात, हे वर्गाला शिकवून झालं की चुणचुणीत पोरगी विचारणारच, ‘मग आपल्याकडे कसा झाला?’ इथून तिचा धडा सुरू व्हावा. १९९३ साली हा भाग देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२च्या सुधारित भूकंप-संहितेत तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. एका रात्रीत जमीन बदलली, की आपली समज बदलली? दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेली माळवदं इतकी घातक का ठरली, हे तिने न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने मांडावं: वजन जास्त, तर त्याच हादऱ्यात भिंतीवर येणारा जोरही जास्त. बाकीचा वर्ग तोवर स्वाध्याय सोडवतो. असा पाठ एखाद्या हौशी शिक्षकाच्या आवडीवर सोडून देणं मला पटत नाही. तो शाळेच्या नियोजनात लिहिलेला असावा. आणि १९९२च्या ऑक्टोबरपासून जाणवलेल्या हादऱ्यांबद्दल गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, त्यांच्या आठवणी तारखांशी ताडून पाहण्याचं कामही तिच्याच वहीत यावं.