इंग्रजी वाचताना (लेखांक ७) : कर्ता कुठे गेला?

१९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी खारेपाटातल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. पावसाळे आले नि गेले, भाताची खाचरं नांगराविना पडून राहिली. हीच घटना इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिता येते : ‘द टेनंट्स लेफ्ट द फिल्ड्स अनटिल्ड’ किंवा ‘द फिल्ड्स वेअर लेफ्ट अनटिल्ड’. पहिल्या वाक्यात कुळं कर्त्याच्या जागी ठाम उभी आहेत. दुसऱ्यात कर्म पुढे आलं, ‘वेअर’च्या जोडीला क्रियापदाचं तिसरं रूप बसलं आणि ‘बाय’ लावून यायचा तो कर्ता आलाच नाही. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. पण दुसरं वाचणाऱ्याला इतकी वर्षं हालअपेष्टा सोसून लढलेली माणसं दिसत नाहीत.

‘व्हॉइस बदला’ हा प्रश्न आपल्याकडे गुणांपुरता शिकवला जातो, हे खरंच वाईट आहे. राजकीय रूपककथा वाचायची किल्ली त्यातच आहे.

जॉर्ज ऑरवेलची ‘अ‍ॅनिमल फार्म’ १९४५ साली प्रसिद्ध झाली. रशियातली क्रांती आणि पुढची स्टालिनशाही त्याने एका शेतावरच्या जनावरांच्या गोष्टीत मांडली. मालकाला हाकलल्यावर गाईंचं दूध काढलं जातं, बादल्या भरतात. जनावरं गवत कापायला जातात, संध्याकाळी परततात, तर दूध नाहीसं झालेलं. ऑरवेलने इथे ‘डिसॅपिअर’ हे क्रियापद योजलं आहे. ते अकर्मक. पॅसिव्ह वाक्यात ‘कोणी?’ असं विचारायला निदान जागा राहते. इथे तीही नाही. दूध जणू आपलं आपणच गेलं! पुढे भिंतीवरचे नियमही असेच बदलतात. पलंगावर झोपायची बंदी असते. एके दिवशी तिच्या शेवटी चादरींचा उल्लेख येतो आणि डुकरांचं पलंगावर झोपणं नियमात बसतं. एक ‘विथ’ आणि एक नाम, एवढ्यावर काम भागलं.

आपल्याकडे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. नाटकात एकाही इंग्रजाचं नाव नाही. कीचक द्रौपदीची विटंबना करतो, युधिष्ठिर सबुरीचा सल्ला देतो, भीम पेटून उठतो. फाळणीने दुखावलेला बंगाल आणि मवाळ-जहालांचा वाद डोळ्यांसमोर असलेल्या प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला. सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

सत्तेची भाषा कर्ता गाळते. खाडिलकरांनी कर्ता गाळला नाही, त्याला दुसरं नाव दिलं. अपमान करणारा, सोसणारा, सूड घेणारा, सगळे आपापल्या क्रियापदासह रंगमंचावर होते. म्हणून रूपककथेत आधी क्रियापदं पाहावीत. नावं मागाहून जुळतात.

पुढच्या लेखांकापूर्वी वाचकांनी ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या दुसऱ्या प्रकरणाचा शेवट इंग्रजीतून वाचावा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून त्याचा कर्ता शोधावा. दुधाचा कर्ता तिथे मिळणार नाही. त्यासाठी तिसरं प्रकरण उघडावं लागेल.