अकरा तालुक्यांचा एक तक्ता
स्प्रेडशीट फाईल वाचणाऱ्या व लिहिणाऱ्या आज्ञावलीची ओळख

सोलापुरी चादरीवरील नक्षी विणकर दर वेळी नव्याने रेखाटीत नाही. पारंपरिक जॅकार्ड यंत्रात मागाच्या माथ्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. कोणता उभा धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे त्या छिद्रांवरून ठरते. नक्षी एकदा पुठ्ठ्यावर उतरली की तीच चादर हजार वेळा विणता येते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेली ही पद्धत पुढे आकडेमोडीलाही उपयोगी पडली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी माणसांची माहिती छिद्रांच्या कार्डांवर नोंदवून यंत्राकडून तिची मोजणी करून घेतली.

आज्ञा एकदा नोंदवावी आणि यंत्राने ती न थकता पाळावी, हे जे तत्त्व सोलापूरच्या मागावर पिढ्यानपिढ्या राबले, तेच आता कार्यालयातील तक्त्यांच्या कामी येऊ शकते.

नक्कल करण्यात जाणारा वेळ

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आणि हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. समजा, उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या टंचाईचा आढावा घ्यावयाचा आहे. प्रत्येक तालुक्याकडून एक स्प्रेडशीट फाईल येते. तीत गावाचे नाव, वाड्या-वस्त्या, लोकसंख्या, जनावरांची संख्या, मंजूर टँकर आणि प्रत्यक्ष झालेल्या खेपा असे स्तंभ असतात. या ११ फाईली एकामागून एक उघडावयाच्या, त्यातील ओळी उचलून जिल्ह्याच्या तक्त्यात चिकटवावयाच्या आणि बेरजा जुळवावयाच्या, हे काम एका कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस सहज घेते. दुसऱ्या दिवशी नवी माहिती येते व तेच काम पुन्हा करावे लागते.

वेळेपेक्षाही मोठा प्रश्न चुकीचा आहे. चिकटविताना एक ओळ राहून गेली, तर कागदावर केवळ एक ओळ कमी होते. परंतु ती ओळ म्हणजे एखादी वस्ती असते, आणि तिच्या वाट्याचा टँकर हिशेबाबाहेर राहतो.

लायब्ररी म्हणजे काय?

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसीकॅल्क’ बाजारात आले आणि कागदी तक्ता संगणकाच्या पडद्यावर अवतरला. ‘एक्सेल’ १९८५ मध्ये आले. या तक्त्यांची फाईल माणसाला पडद्यावर वाचता येते; परंतु दुसऱ्या आज्ञावलीला ती वाचता यावी, यासाठी तिची अंतर्गत रचना माहीत असावी लागते. प्रत्येक कार्यालयाने ती रचना नव्याने अभ्यासण्याची गरज नाही. जाणकारांनी हे काम करून तयार आज्ञांचे संच सर्वांसाठी खुले केले आहेत. अशा संचाला संगणकाच्या परिभाषेत ‘लायब्ररी’ म्हणतात.

पायथन या संगणक-भाषेतील ‘ओपनपायएक्सएल’ ही अशीच एक लायब्ररी होय. जावा भाषेत हेच काम ‘अपाचे पीओआय’ करते. दोन्ही विनामूल्य आहेत. एकदा संगणकावर बसविल्यानंतर त्यांना इंटरनेटची आवश्यकता नसते. त्यामुळे लाभार्थ्यांची माहिती कार्यालयाबाहेर पाठवावी लागत नाही.

२००७ पासून रूढ झालेल्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारच्या फाईलची रचना गाठोड्यासारखी असते. वरून ती एक फाईल दिसते. आत मात्र अनेक लहान मजकूर-फाईली बांधलेल्या असतात. एकीत शीटची यादी, दुसरीत चौकटींतील आकडे, तिसरीत सर्व शब्द. एकच शब्द शंभर ठिकाणी आला तरी तो बहुधा एकदाच साठविला जातो आणि चौकटीत त्याचा केवळ क्रमांक राहतो. हे गाठोडे सोडणे आणि पुन्हा नीट बांधणे, हे लायब्ररीचे काम.

कामाचा क्रम

आज्ञावली लिहिणाऱ्याने पाच गोष्टी सांगावयाच्या असतात. पहिली, अमुक फोल्डरमधील सर्व फाईली एकेक करून उघड. दुसरी, प्रत्येकीतील ठराविक नावाची शीट घे. तिसरी, शीर्षकाची ओळ सोडून पुढील प्रत्येक ओळ वाच. चौथी, ती ओळ तालुक्याच्या नावासह नव्या तक्त्यात लिही. पाचवी, तो तक्ता नव्या नावाने जतन कर. एवढ्यासाठी वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली पुरते. ती एकदा तपासून घेतली की दररोजचे एकत्रीकरण काही क्षणांत होते.

‘नव्या नावाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही लायब्ररी जुन्या फाईलवर न विचारता नवी फाईल लिहू शकते; शिवाय मूळ फाईलमधील काही आकृत्या त्यात नाहीशा होतात. म्हणून मूळ फाईल कधीही बदलू नये.

दिसते तसे नसते

खरी दक्षता पुढेच घ्यावी लागते. चौकटीत जे दिसते आणि फाईलमध्ये जे साठविलेले असते, ते नेहमी एकच असते असे नाही. लायब्ररी साठविलेले वाचते.

तारखेचेच पाहा. एक्सेलमध्ये तारीख ही दिवसांची मोजणी असते. १ मे १९६० ही तारीख २२०३७ या आकड्याच्या रूपात साठविली जाते. परंतु तारीख केवळ मजकूर म्हणून टंकित केली असेल, तर दिवस कोणता व महिना कोणता हे संगणकाला कळत नाही. आपल्याकडील शाळांच्या पटावर १ जून ही जन्मतारीख किती विपुल आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको. महिना आधी मोजणाऱ्या पद्धतीने वाचल्यास ते सर्व विद्यार्थी ६ जानेवारीला जन्मलेले ठरतात!

बँक खात्याचा क्रमांक आकडा म्हणून भरल्यास आरंभीचे शून्य गळून जाते. क्रमांक पंधराहून अधिक अंकी असल्यास पुढील अंकांच्या जागी शून्ये येतात. गळालेले अंक फाईलमध्येच नसल्यामुळे कोणतीही लायब्ररी ते परत आणू शकत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम परत जाण्यास एवढे कारण पुरेसे आहे. खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक हे बेरजेचे आकडे नव्हेत, ती ओळखचिन्हे आहेत. त्यांचे स्तंभ प्रथमपासूनच ‘मजकूर’ या प्रकारात ठेवावेत.

सूत्रांबाबतही सावध असावे. ओपनपायएक्सएल स्वतः बेरीज करीत नाही. ती चौकटीतील सूत्र वाचते, किंवा तशी आज्ञा दिल्यास एक्सेलने शेवटी काढून ठेवलेले उत्तर वाचते.

मराठी मजकुराचे प्रश्न

माढा तालुक्यात उपळाई बुद्रुक आणि उपळाई खुर्द अशी दोन गावे आहेत. एका तक्त्यात ‘उपळाई बुद्रुक’, दुसऱ्यात ‘उपळाई बु.’ आणि तिसऱ्यात नुसते ‘उपळाई’ असे लिहिले, तर माणूस संदर्भाने अर्थ लावतो. आज्ञावलीला ती तीन निराळी गावे वाटतात. ‘मंगळवेढा’ व ‘मंगळवेढे’ यांची तीच गत. अर्धा र आणि य यांचे जोडाक्षर संगणकात दोन वेगळ्या प्रकारे टंकित होऊ शकते. पडद्यावर सारखी दिसणारी दोन नावे म्हणूनच जुळत नाहीत. यावर उपाय एकच. गावाची जुळणी नावाने न करता जनगणनेतील गावाच्या सांकेतिक क्रमांकाने करावी. २०११ च्या जनगणनेत हा क्रमांक सहा अंकी आहे.

मराठी अंक मजकूर म्हणून साठविले गेले, तर एक्सेलची बेरीज त्यांना वगळते. पायथन भाषा मात्र देवनागरी अंकही ओळखते व त्यांचे संख्येत रूपांतर करू शकते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर लायब्ररीला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. अशा फाईली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात.

तक्ता शोभिवंत करण्यासाठी अनेक चौकटी एकत्र जोडण्याची आपल्याकडे सवय आहे. जोडलेल्या चौकटींत मजकूर फक्त पहिल्या चौकटीत राहतो, बाकीच्या रिकाम्या वाचल्या जातात. तालुक्याचे नाव एकदाच मोठ्या चौकटीत न लिहिता प्रत्येक ओळीत लिहावे. एका ओळीत एका गावाची नोंद आणि एका स्तंभात एकाच प्रकारची माहिती, हा नियम पाळला तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

हरवलेल्या ओळींचा धडा

यंत्रावर विसंबताना मोजणी सोडू नये, याचा धडा २०२० मध्ये इंग्लंडला मिळाला. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोरोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी दैनंदिन आकडेवारीत आल्याच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फाईलमध्ये भरली जात होती. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. उरलेल्या ओळी गळाल्या आणि बाधितांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्यास विलंब झाला.

म्हणून प्रत्येक आज्ञावलीच्या शेवटी दोन आकडे छापून घ्यावेत: किती ओळी वाचल्या आणि किती लिहिल्या. वगळलेल्या ओळींची, कारणासह, वेगळी यादी काढावी. ११ फाईलींतील ओळींची बेरीज जिल्ह्याच्या तक्त्याशी जुळली, तरच तो तक्ता पुढे पाठवावा.

ही विद्या केवळ अभियंत्यांची नव्हे. शाळेतील संगणकावर एखादा शिक्षक, पंचायत समितीत एखादा लिपिक काही आठवड्यांच्या सरावाने ती आत्मसात करू शकतो. आरंभ एका लहान तक्त्यापासून करावा आणि पहिले काही दिवस हाताने केलेली बेरीज शेजारी ठेवून ताळा पाहावा. पुठ्ठ्यावरील एक छिद्र चुकले तर तीच चूक प्रत्येक चादरीत उतरते, हे सोलापूरच्या विणकराला वेगळे सांगावे लागत नाही. आज्ञावलीचेही तसेच आहे. ती नक्कल निर्दोष करील. परंतु वस्तीवर खरोखर किती खेपा झाल्या, हे ग्रामपंचायतीने खरे लिहिले असेल तरच त्या तक्त्याच्या आधाराने पाणी योग्य दारी पोहोचेल.