सायकल चालवून वर्गणी जमते, पण छपराखालचा व्हेलोड्रोम उभा राहतो का?

गणपतीची वर्गणी म्हटलं की पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारी पोरं आठवतात. अमेरिकेत हेच काम बरेचदा सायकलवर बसून होतं. एखादा माणूस जाहीर करतो की, अमुक रविवारी मी शंभर किलोमीटर सायकल चालवणार, माझ्या नावावर पैसे द्या. मग नातेवाईक, ऑफिसातले लोक, शेजारीपाजारी आपापल्या ऐपतीप्रमाणे देतात. घाम सायकलवाल्याचा, पैसा ओळखीपाळखीच्यांचा आणि काम तिसऱ्याचंच.

या पद्धतीत किती ताकद आहे? १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात ३६ जणांनी कर्करोगाच्या उपचार-संशोधनासाठी अशी राइड काढली आणि १०,२०० डॉलर जमवले. 'पॅन-मास चॅलेंज' नावाची ती राइड आजही निघते आणि आता एकेका वर्षात कोट्यवधी डॉलर गोळा करते.

पण हाच पैसा एखाद्या इमारतीसाठी मागायचा असेल तर? आणि तीही अशा खेळाच्या, जो बहुतेकांनी फक्त ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर पाहिलाय?

मिनेसोटा राज्यातल्या सायकलवाल्यांपुढे नेमका हाच प्रश्न आला.

मिनियापोलिस शहराच्या उत्तरेला ब्लेन नावाचं उपनगर आहे. तिथे १९९० मध्ये २५० मीटरचा लाकडी व्हेलोड्रोम बांधला गेला. आराखडा जर्मनीच्या शुरमान घराण्यातला, जे पिढ्यानपिढ्या जगभर असे ट्रॅक बांधत आलंय. लाकूड आफ्रिकेतलं अफझेलिया, पाण्यापावसात टिकणारं म्हणून मुद्दाम निवडलेलं. वळणांवरचा चढ ४३ अंशांचा. १९९२ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा सायकलिंग संघ निवडायच्या चाचण्याही तिथेच झाल्या. उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी शर्यती व्हायच्या आणि लोक घरच्यांना घेऊन बघायला यायचे.

सगळं होतं, एक सोडून. डोक्यावर छप्पर नव्हतं.

छप्पर नसल्याने काय होतं, हे कळायला आधी ट्रॅकवरची सायकल कळायला हवी. तिला ब्रेक नसतो. गिअर एकच आणि तो चाकाला जखडलेला, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायही फिरणारच. वळणावर ट्रॅक घराच्या उतरत्या कौलांसारखा उभा होतो. वेग चांगला असेल तर सायकल त्या भिंतीला चिकटून जाते, वेग पडला की चाक खाली घसरतं. अशा लाकडावर पावसाचे दोन थेंब पडले तरी शर्यत थांबवावी लागते. आणि मिनियापोलिसमध्ये प्रश्न पावसापुरता नाहीच. तिथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे ९ अंशांच्या आसपास असतं. अर्धं वर्ष ट्रॅक बर्फाखाली, उरलेलं अर्धं वर्ष उन्हात. लाकूड कितीही कणखर असलं तरी फुगणं-आकसणं चुकत नाही. जवळपास तीस हंगाम काढल्यावर २०१९ नंतर ट्रॅक बंद झाला आणि पुढे उखडला गेला.

तिथल्या सायकलवाल्यांनी मग ठरवलं की, पुढचा ट्रॅक छपराखालीच हवा. 'मिनेसोटा सायकलिंग सेंटर' ही ना-नफा संस्था त्यासाठीच पैसे जमवू लागली. कारणही तसंच होतं. ऑलिंपिकच्या मापाचा, म्हणजे २५० मीटरचा बंदिस्त ट्रॅक अख्ख्या अमेरिकेत एकच, लॉस एंजेलिसजवळ कार्सन इथे, २००४ पासून. मिनियापोलिसहून तिथलं अंतर जवळपास अडीच हजार किलोमीटर. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला हिवाळ्यात सराव करायचा असेल तर तो कुठे जाणार?

यातली गंमत अशी की, बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतींचं वेड एकेकाळी अमेरिकेतच होतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सलग सहा दिवस शर्यती चालायच्या. आज ऑलिंपिकमध्ये जोडीने खेळला जाणारा 'मॅडिसन' हा प्रकार त्याच इमारतीच्या नावाने ओळखला जातो.

आता हिशोबाकडे येऊ. सायकल राइडमधून जमलेल्या पैशात व्हेलोड्रोम बांधून होत नाही. बांधकामाचे आकडे कोटींत असतात आणि स्थानिक राइडमधून हजार किंवा फार तर लाख डॉलर येतात. तरीही अशी राइड काढतात, कारण हा पैसा सगळ्यात आधी लागणारा आणि सगळ्यात अवघड असतो. जमिनीची तपासणी, वास्तुविशारदाचे नकाशे, खर्चाचा अहवाल यांना मोठे देणगीदार सहसा हात लावत नाहीत. नकाशाला कोणाचं नाव देणार? नाव इमारतीला देतात. शिवाय राइडमध्ये पाचशे जण आले तर पाचशे नावं मिळतात. नगरपालिकेत जागा मागायला जाताना ती यादी जमलेल्या रकमेपेक्षा जास्त बोलते.

नुसता पैसा असून भागत नाही, हे न्यूयॉर्कने दाखवून दिलंय. २०१२ मध्ये एका श्रीमंत सायकलप्रेमीने ब्रुकलिन ब्रिज पार्कमध्ये बंदिस्त व्हेलोड्रोमसाठी ४ कोटी डॉलर देऊ केले. एवढी मोठी देणगी समोर असताना आसपासच्या रहिवाशांनी मात्र इमारतीच्या आकाराबद्दल आणि तिच्या उपयोगाबद्दल कुरकुर सुरू केली. तिकडे अंदाजित खर्च चढत गेला. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, योजना गुंडाळली गेली.

डेट्रॉइटमध्ये उलट घडलं. तिथेही एका निनावी देणगीदाराने जवळपास ४० लाख डॉलर दिले, म्हणजे ब्रुकलिनच्या एक दशांश. पण आराखडाच वेगळा होता. शहराच्या एका जुन्या मैदानावर हवेच्या दाबाने उभा राहणारा घुमट, आत मैलाच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे १६० मीटरचा छोटा ट्रॅक. ट्रॅक लहान म्हणून वळणं जास्त उभी, ५० अंशांची. ऑलिंपिकची शर्यत तिथे होणार नाही, पण पोरं शिकू शकतात. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे सायकलच्या ट्रॅकभोवती चालायला-धावायला वेगळी पट्टी ठेवली. जानेवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला. त्याच कडाक्याच्या थंडीत ज्यांनी आयुष्यात शर्यतीची सायकल पाहिली नव्हती, असे लोकही तिथे फेऱ्या मारायला येऊ लागले.

कॅनडात टोरंटोजवळच्या मिल्टनमध्ये २०१५ च्या पॅन-अमेरिकन स्पर्धेसाठी बांधलेल्या व्हेलोड्रोमचंही तसंच. २५० मीटरचा ट्रॅक, मधल्या मोकळ्या जागेत बास्केटबॉल-व्हॉलीबॉलची मैदानं आणि गावकऱ्यांसाठी चालण्याचा मार्ग. बंदिस्त इमारतीचा खरा खर्च बांधून झाल्यावर सुरू होतो. आत हवा उबदार ठेवायची, लाकूड जपायचं, विमा भरायचा, प्रशिक्षक ठेवायचे. ट्रॅकवर एका वेळी वीस-पंचवीसच सायकली धावू शकतात. तेवढ्यांच्या फीमध्ये दिव्यांचं बिलही कसंबसं निघेल. म्हणून आजोबांचं चालणं आणि पोरांचं बास्केटबॉल हेच व्हेलोड्रोमला जगवतं. वर्गणी मागणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून सांगितलं, तर सायकलशी संबंध नसलेला माणूसही खिशात हात घालतो.

छप्पर असल्याने काय फरक पडतो, याचं उदाहरण भारतातच आहे. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातला ट्रॅक उघड्यावरचा. दिल्लीत मात्र २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी सरकारी पैशातून इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात २५० मीटरचा लाकडी, बंदिस्त व्हेलोड्रोम बांधला गेला. ना राइड, ना पावतीपुस्तक. स्पर्धा संपल्यावर तिथेच मुलांची राष्ट्रीय अकादमी सुरू झाली. ऊन असो, पाऊस असो, सराव चालू. २०१९ मध्ये जर्मनीत झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत अंदमानचा एसो अल्बेन आणि मणिपूरचे रोनाल्डो सिंग व रोजित सिंग यांनी टीम स्प्रिंटचं सुवर्णपदक जिंकलं. योगायोग म्हणजे ब्लेनचा ट्रॅक बंद झाला तेही त्याच वर्षी.