अनूप देशातील वैद्याचे परसदार

कोकणपट्टीतील बऱ्याच व्यवसायबंधूंनी अलीकडे स्वतःचे घर व त्यास जोडून चिकित्सालय बांधले आहे. वास्तू उभी राहिली, की भोवतालच्या चार-पाच गुंठ्यांत कोणती औषधी झाडे लावावीत, अशी पृच्छा आमच्याकडे होते. प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु त्याचा क्रम उलटा आहे असे आमचे मत झाले आहे. झाडांच्या यादीपूर्वी देशाचा विचार झाला पाहिजे, आणि तो करावयास आपल्याला अन्यत्र जावे लागत नाही.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल, अनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. अनूप देशाच्या वर्णनात नारळ-केळींची दाट वने, नद्या व समुद्र यांचे सान्निध्य आणि वात-कफाचे प्राबल्य येते. रत्नागिरी वा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास हे वाचताना आपल्याच आगराचे वर्णन वाचल्यासारखे वाटावे. त्याच अध्यायात औषधी द्रव्ये साधारण अथवा जांगल देशातील घ्यावीत असेही सांगितले आहे. म्हणजे आपण ज्या भूमीत राहतो ती सर्वच औषधींना अनुकूल नाही, आणि तेथे राहणाऱ्या मनुष्यासही ती पूर्णतः अनुकूल नाही. घराभोवतीच्या रचनेचे प्रयोजन यातच आहे : अनूप देशात, निदान आपल्या कुंपणापुरता, थोडासा साधारण देश निर्माण करणे.

त्यासाठी प्रथम पाण्याचा हिशेब करावा. दक्षिण कोकणात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर या मानाने पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी पडते, आणि पागोळ्यांवाटे ते जोत्याच्या कडेलाच उतरते. जांभा दगड सच्छिद्र आहे. जोत्याशी मुरलेले पाणी तो वर ओढून घेतो व भिंत आतून ओलावते. म्हणून घराभोवती किमान तीन फुटांची पट्टी मोकळी ठेवावी, तीत खडी पसरावी आणि अंगणास दर दहा फुटांमागे दोन-अडीच इंच उतार घरापासून बाहेर द्यावा. पन्हळ लावून काही पाणी टाकीत किंवा विहिरीकडे वळवता आले तर उत्तमच. एप्रिल-मे महिन्यांत त्याची किंमत कळते.

याबाबतीत आमच्याकडून घडलेली चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. घर बांधल्यानंतर आम्ही मोठ्या हौसेने अडुळशाची दाट रांग लावली, ती नेमकी मातोश्रींच्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला लागून. त्यांना श्वासाचा त्रास होता आणि स्वरसासाठी पाने हाताशी असावीत एवढाच आमचा विचार होता. तीन वर्षांत अडुळसा खिडकीच्या वर गेला. वारा अडला, भिंतीवर ऊन येईनासे झाले, श्रावणात गिलाव्यावर काळपट बुरशी धरू लागली आणि मातोश्रींच्या वेगांची संख्या वाढली. आम्ही अडुळशाची मात्रा वाढवीत राहिलो! ज्या वनस्पतीने श्वासाची चिकित्सा करावयाची, तीच आमच्या हातून निदान-सेवनाचे कारण झाली होती, हे लक्षात यावयास आणखी एक पावसाळा जावा लागला. वैशाखात ती रांग मुळासकट काढली, खडीची पट्टी केली, गिलावा नव्याने केला. पुढील श्रावणात भिंत कोरडी राहिली व मातोश्रींना रात्री उठून बसण्याचे प्रसंग पुष्कळ कमी आले. औषधयोजना चालूच होती, त्यामुळे सर्व श्रेय कुऱ्हाडीला देता येणार नाही. परंतु निदान-परिवर्जनाचा हा पाठ आम्हाला रुग्णकक्षात मिळाला नव्हता, तो परसात मिळाला.

ऊन व वारा यांचा विचार एकत्र करावा लागतो. आपण सुमारे सतरा अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास व पुन्हा ऑगस्टच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य नेमका माथ्यावर येतो, आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. साहजिकच ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीस फारशी झळ लागत नाही. तापते ती पश्चिमेची व वायव्येची बाजू. सावली तेथे हवी. पण उन्हाळ्यात दुपारची समुद्रावरील झुळूकही पश्चिमेकडूनच येते. दाट झुडपे लावली तर ऊन अडेल आणि वाराही अडेल. दमट हवेत घाम वाळावयास वारा लागतो. सावलीत बसूनही जीव घुसमटतो तो वारा नसल्यामुळे. आपल्या पूर्वजांनी पश्चिमेस नारळ-पोफळी लावल्या त्यात हे शहाणपण होते. यांचे खोड उघडे, छत्र उंच. वरून ऊन गाळले जाते व खालून वारा येतो. नारळांत पंचवीस फूट अंतर ठेवावे आणि छपरावर फळ वा झावळी पडणार नाही एवढे झाड दूर असावे. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्याकरिता पडवीला झापांची झडी बांधण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे. अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसविण्याची जी पद्धत बोकाळली आहे तिच्याविषयी न बोललेलेच बरे; मे महिन्यातील सायंकाळी त्यावर अनवाणी उभे राहून पाहावे.

आता औषधी. शार्ङ्गधरांनी काही द्रव्ये नेहमी आर्द्रच वापरावीत असे सांगून नऊ नावे दिली आहेत. त्यांपैकी गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी व कोरांटी ही सहा आपल्या परसात उत्तम येतात. बाजारातील सुक्या मालावर अवलंबून राहणे जेथे शास्त्रालाच मान्य नाही तेथे जागा द्यावी, हा आमचा निकष आहे. अश्वगंधा याच नऊमध्ये असली तरी ती कोरड्या मुलखाची वनस्पती. कोकणच्या पावसात तिचा हट्ट धरू नये. शतावरीसाठी दीड फूट उंचीचा वाफा करावा, सपाटीला कंद कुजतात. कोरफड कुंडीत लावून पावसाळ्यात पडवीत घ्यावी. अडुळसा व निर्गुंडी गडग्याच्या कडेने लावावीत. गुरे त्यांना तोंड लावीत नाहीत, त्यामुळे कुंपणही होते. पिंपळीला नारळाखालची विरळ सावली मानवते आणि पोफळीवर पानवेल चढते. मंडूकपर्णी व वेखंड यांना सखल, ओलसर जागा द्यावी. मोरीच्या पाण्यावर मात्र केळ, कर्दळ व अळू एवढेच ठेवावे. तेथील अळू खाण्यास आणि तेथे वाढलेली कोणतीही वनस्पती औषधास घेऊ नये. सुश्रुतांनी भूमिप्रविभागीय अध्यायात भूमीच्या शुद्धतेवर एवढा भर दिला आहे तो निष्कारण नव्हे.

औषधनिर्मात्या बंधूंना असे वाटेल की चार गुंठ्यांतून माल तो किती निघणार? माल निघत नाही हे खरे. निघते ती ओळख. ब्राह्मी मागावी तर कोणी मंडूकपर्णी देतो, कोणी नीरब्राह्मी. पांढऱ्या कुड्याच्या जागी काळा कुडा सर्रास येतो. शेंगांची जोडी टोकाशी जुळलेली असेल तर तो काळा समजावा, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात, पण वखारीत आलेल्या सालीला शेंगा नसतात. 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृतविकार झालेल्या काही रुग्णांचा वृत्तांत मुंबईहून प्रसिद्ध झाला, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा पुढे केला व टिनोस्पोरा क्रिस्पा या सजातीय वेलीकडे लक्ष वेधले. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो, की ज्याच्या दारात खात्रीची गुळवेल आहे, त्याला क्रिस्पाचे फोडाफोडांनी भरलेले खोड पाहताच शंका यावी. वेलीचा आधारही पाहावा. कडुनिंबावरील गुळवेल प्रशस्त मानली जाते, पण कडुनिंब येथे देशावरच्यासारखा फोफावत नाही; आंबा वा शेवगा चालतो. काजऱ्यावर चढलेली वेल आम्ही औषधास घेत नाही.

डासांविषयी एक गैरसमज दूर करावयाचा आहे. अंगणात तुळस व गवती चहा असले म्हणजे डास येत नाहीत असे रुग्णांस सांगितले जाते. साचलेले पाणी असेल तर ते येतातच. नारळाची करवंटी, कुंडीखालची बशी, पोफळीची गळून पडलेली विरी यांत साठलेले ओंजळभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून हे सर्व पालथे करावे. सरपणाचा व सोडणांचा ढीग घरालगत नको. तेथे उंदीर राहतात, आणि लेप्टोस्पायरोसिस कोकणाला नवा नाही.

ज्यांचे घर यंदाच पूर्ण झाले आहे त्यांनी पहिल्या पावसाळ्यात काहीही लावू नये अशी आमची सूचना आहे. मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन बाहेर पडावे, पाणी कोठे थांबते व कोठून वाहते तेथे खुंट्या ठोकाव्यात, कोणती भिंत किती दिवसांनी वाळते ते वहीत लिहावे. मग मे महिन्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या खोलीत बसून पाहावे. खड्डे त्यानंतर खणावेत, आणि रोपे मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावावीत.