एका घरपट्टीचा तंटा

घरपट्टीचें बिल आलें कीं कुरकुरावें, हा गृहस्थाश्रमाचा नियमच आहे. आम्हीही त्यास अपवाद नाहीं. परंतु घरपट्टीसाठीं चार राष्ट्रें लवादापुढें उभीं राहिलीं होतीं, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

१८५८ च्या तहांनीं जपाननें आपलीं बंदरें परकीयांस खुलीं केलीं. योकोहामा, नागासाकी, कोबे येथें त्यांच्या वसाहती झाल्या. त्यांच्यावर जपानी न्यायालयांची सत्ता नव्हती. अपराध घडल्यास त्यांचाच कॉन्सल न्याय करी. जमिनीची मालकी मात्र त्यांस मिळत नसे. ठराविक भाडें भरून ते कायमचा पट्टा घेत. १६ जुलै १८९४ रोजीं, मुत्सु मुनेमित्सु परराष्ट्रमंत्री असतां, इंग्लंडशीं नवा तह झाला व तो १८९९ मध्यें अमलांत आला. कॉन्सलांचीं न्यायालयें गेलीं, वसाहती जपानी नगरांत सामील झाल्या. जपाननें जुने पट्टे मात्र कायम राखले, आणि पट्ट्यांतील अटींवांचून अन्य अट त्या मालमत्तेवर लादली जाणार नाहीं, असें लिहून दिलें.

लौकरच त्या जमिनीवरील इमारतींवर जपाननें घरपट्टी बसविली. पट्टा जमिनीचा आहे, घर ही निराळी वस्तु, असें त्याचें म्हणणें. तें पोकळ नव्हतें. जपानी कायदा आजही घर व जमीन हीं दोन स्वतंत्र स्थावरें मानतो. इंग्लंड, फ्रान्स व जर्मनी यांस तें मान्य होईना. २२ मे १९०५ रोजीं हेग येथील लवादानें दोघांविरुद्ध एक अशा मतांनीं जपानविरुद्ध निकाल दिला. तो एक म्हणजे अर्थातच जपानी पंच मोतोनो. पांचच दिवसांनीं त्सुशिमाच्या समुद्रांत जपान रशियाच्या आरमाराचा संहार करूं लागला. आणि स्वतःच्या शहरांतील कांहीं घरांची पट्टी त्याला वसूल करतां येईना! लेखप्रमाणाची महती आमच्या धर्मशास्त्रकारांनीं गाइली ती उगीच नव्हे. हे पट्टे संपविण्याचा इंग्लंडशीं करार होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें.

११ जानेवारी १९४३ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिकेनें चीनमधील आपले विशेष हक्क सोडले, तेव्हां तेथील अमेरिकनांचें स्थावर त्यांच्याकडेच राहिलें. मात्र तें चीनच्या करविषयक कायद्यांस, देशरक्षणाच्या गरजेस व सार्वजनिक कार्यासाठीं जमीन घेण्याच्या सरकारी अधिकारास अधीन राहील, आणि चीन सरकारच्या संमतीवांचून तिसऱ्या राष्ट्राच्या हातीं जाणार नाहीं, हें त्याच कलमांत स्पष्ट लिहिलें होतें.