हवेतील प्लॅस्टिक आणि मुंबईचा श्रमिक

हवा सर्वांची, तिला विटाळ नाही, असे आपण वर्गात मुलांना सांगतो. मुंबईच्या संदर्भात हे विधान एकदा तपासून पाहिले पाहिजे.

प्लॅस्टिक कुजत नाही. उन्हाने आणि घासण्याने ते झिजते, तुटते. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. २००४ साली रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने हा शब्द रूढ केला. तेव्हा चर्चा समुद्राची होती. पुढे कळले की, यातले अतिबारीक कण आणि तंतू हवेतही तरंगतात. टेरिलिन-नायलॉनच्या कपड्यांतून, मोटारींच्या टायरांतून, उघड्यावर पडलेल्या पिशव्यांतून ते सुटतात. लाट फुटताना उडणाऱ्या तुषारांतून समुद्रही काही परत करतो आणि दिवसाचे खारे वारे ते जमिनीकडे आणतात. हिवाळ्यात वारा मंदावला की सगळी धूळ शहरावरच साचते.

इथपर्यंत ते सर्वांच्या वाट्याचे. पण धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये शहराने टाकलेले प्लॅस्टिक हातांनी निवडले जाते, यंत्रात दळले जाते, धुऊन-वाळवून, वितळवून त्याचा दाणा पाडला जातो. दळताना उडणारा भुगा म्हणजे ताजे सूक्ष्मप्लॅस्टिकच. ते झिजून तयार व्हायला वर्षे लागत नाहीत, आणि ते पहिल्यांदा जाते यंत्राशी बसलेल्या माणसाच्या नाकात.

देवनारचे डम्पिंग १९२७ सालचे. त्याच वर्षी महाडला आपण पाण्यासाठी उभे राहिलो होतो! १९७२च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या कितीतरी दलित बायकांना या शहरात कचरा वेचण्याचेच काम मिळाले. जात गावात राहिली नाही, ती पाटीबरोबर आली. जानेवारी २०१६ मध्ये हा कचऱ्याचा डोंगर पेटला, धूर दूरवर पसरला, जवळच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा कुठे शहराला देवनार आठवले.

यातून अपाय किती, याचा शोध अजून चालू आहे. परंतु अमेरिकेत नायलॉनचे बारीक तंतू कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसाचा आजार १९९८ साली नोंदला गेला. २०२२ मध्ये इंग्लंडात जिवंत माणसांच्या फुप्फुसांत प्लॅस्टिक सापडले, तेव्हा मात्र जगभर बातमी झाली. कामगाराची फुप्फुसे चोवीस वर्षे आधीच साक्ष देऊन बसली होती.

आपल्या देशाच्या २००९च्या हवामानकांत बारा प्रदूषके आहेत. प्लॅस्टिक त्यांत नाही. धूलिकण मोजतात ते आकार आणि वजन पाहून. ती धूळ मातीची की प्लॅस्टिकची, हे त्या आकड्यातून समजत नाही. शिवाय मोजणीचे यंत्र जमिनीपासून काही मीटर उंच ठेवतात. वेचलेला माल निवडणारी बाई जमिनीवर बसलेली असते, पदर नाकाला बांधून. पदरही बहुधा पॉलिस्टरचाच.