पायांची सूज आणि गोड गोळ्या



मुंबईत आमच्या कपाटात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्या असायच्या. साबुदाण्याएवढ्या, पांढऱ्या, चवीला गोड. इथे इस्रायलला आल्यावरही आपल्यापैकी पुष्कळांची ती सवय सुटलेली नाही. भारतातून कोणी यायचं असलं की मसाल्याबरोबर एखादी बाटलीही मागवतात.

सुजेवर जी गोळी देतात तिचं नाव एपिस मेलिफिका. ती मधमाशीपासून करतात. मधमाशी चावली की सूज येते, म्हणून सुजेवर मधमाशीच, म्हणजे काट्याने काटा काढायचा. जर्मनीच्या डॉक्टर हानेमान ह्यांनी १७९६ साली हा विचार मांडला. पण ‘३०’ नंबरची गोळी म्हणजे मूळ औषध दर वेळी शंभर पट पातळ, असं तीस वेळा केलेलं. बाराव्या वेळेनंतरच त्यात मूळ औषधाचा एक कणही उरण्याची शक्यता फारशी नसते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली सगळे अभ्यास तपासले. होमिओपॅथीने कुठलाही आजार बरा होतो ह्याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग घेतली तर बिघडलं कुठे? मीही असंच म्हटलं होतं.

२००६ साली माझ्या मोठ्या जाऊबाईंचे पाय संध्याकाळी सुजू लागले. त्यांनी एपिस सुरू केली आणि मला विचारलं. "घ्या की, अपाय तर काही नाही," मी म्हटलं. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली मी, पण त्यांच्या पायाला बोट लावून पाहिलं नाही! सकाळी सूज उतरलेली दिसायची, त्या म्हणायच्या, "बघ, गुण आला." तो गुण गोळीचा नव्हता. रात्रभर आडवं पडलं की पायातलं पाणी वर सरकतं, एवढंच.

तीन आठवड्यांत त्यांना झोपायला एकाच्या तीन उशा लागू लागल्या. एका रात्री श्वास लागला, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. हृदयाची शक्ती कमी होऊन अंगात पाणी साठलं होतं. त्या वाचल्या, पुढे काही वर्षं जगल्या, मला कधी बोलल्या नाहीत. गोळ्यांनी काही केलं नाही, पण ते तीन आठवडे आम्ही फुकट घालवले.

म्हणून सांगते, नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खळगा राहिला तर पाणी साठलेलं आहे. कारण हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत असू शकतं, कधी ब्लडप्रेशरची अम्लोडिपिनसारखी गोळीही असते. कारण डॉक्टरांनीच शोधायचं. आपल्या मनाने औषध बंद करू नका, शेजारणीची लघवीची गोळीही घेऊ नका.

ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कुपत होलिमला कळवावं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी हवं. लोणचं, पापड, ऑलिव्ह, सूपची पावडर, सगळ्यांत मीठ असतं. कोशर करताना मांसालाही मीठ लावलेलंच असतं, तेव्हा रश्शात हात आखडता घ्या.

एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, विशेषतः लांबच्या विमानप्रवासानंतर, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, १०१ फिरवा.

आणि नातवंडांनो, तुमच्यासाठी एक काम. आजीने मोजे काढले की पायावर खोल वळ दिसतो का, आजोबा खुर्चीत बसून झोपू लागलेत का, हे बघा आणि आईबाबांना सांगा. माझ्या जाऊबाईंच्या तीन उशा पहिल्यांदा एका लहान नातीनेच मोजल्या होत्या. आम्ही मोठ्यांनी तिचं ऐकलं नाही.